पोकरमध्ये मोठी रक्कम जिंकलो तर काम सोडीन का?

प्रश्न असाय की पोकरमध्ये एकदम मोठा पैसा लागला तर आयुष्य बदलेल का, नोकरीधंदा सोडाल का. माझ्यापुरतं सांगतो, डोक्यावरचं कर्ज जाईल, काम नाही जाणार.

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फौंड्रीतनं कास्टिंग येतात त्यांचं मशीनिंग करून द्यायचं, पार्टी 90 दिवसांनी पेमेंट करते आणि त्या 90 दिवसांत बँकेचा हप्ता मात्र तारखेला जातो. म्हणजे मोठी रक्कम म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय येणार हे उघड आहे.

समजा गोव्यात कॅसिनोत बसून एक कोटी जिंकलो. पत्त्यांच्या जिंकलेल्या पैशावर इन्कम टॅक्स सरळ 30 टक्के, तुमचा स्लॅब काय ते कुणी विचारत नाही, वर सरचार्ज आणि सेस, म्हणजे हातात पासष्ट लाखाच्या आसपास. आणि त्याआधी चार वेळा जाऊन जे हरलात ते ह्यातनं वजा होत नाही बरं का, ही गोष्ट लई लोकांना माहीतच नसते. आता एक बऱ्यापैकी नवीन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीनिंगचं मशीन, घेतली की त्यातला निम्मा गेला, उरलेल्यात कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडनं घेतलेली उचल, जरा खाली आणलं की संपलं. चांगलंच आहे की, मी नको कुठं म्हणतोय, पण सोमवारी सकाळी शॉप उघडायला मीच जाणार.

लोक उदाहरण देतात ख्रिस मनीमेकरचं. अमेरिकेतला साधा अकाउंटंट, ऑनलाइन थोडक्या पैशाच्या स्पर्धेतनं 2003 च्या पोकर वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला, म्हणजे मुख्य स्पर्धेला पोचला, ज्याची एंट्रीच 10,000 डॉलर असते, आणि 25 लाख डॉलर जिंकला. नोकरी सोडली हे खरं, पण त्यानंतर एका पोकर साइटनं त्याला वर्षानुवर्षं आपला चेहरा म्हणून फिरवला हे कोण सांगत नाही. आडनावच मनीमेकर, जाहिरातवाल्यांना अजून काय पाहिजे! ऑनलाइनवरनं येऊन ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला होता, आता तुम्ही जिंकलात तर कोण विचारणार.

दुसरं टोक म्हणजे जेमी गोल्ड. 2006 ला त्याच स्पर्धेत 1 कोटी 20 लाख डॉलर जिंकला आणि लगेच एकानं कोर्टात केस टाकली की अर्धे माझे, तसं बोलणं झालं होतं. शेवटी तडजोड झाली. जिंकल्यावर मिळालेलं ब्रेसलेट पुढं 2013 मध्ये लिलावात विकलं गेलं. मला पटतो तो 2023 चा विजेता डॅनियल वाइनमन, धंद्यानं सॉफ्टवेअर इंजिनियर. त्या वर्षी 10,043 एंट्री होत्या, त्यात पहिला येऊन 1 कोटी 21 लाख डॉलर घेतले.

दहा हजार एंट्रीत पहिला येणं म्हणजे खेळ चांगला असावाच लागतो, पण त्या दिवसांत पत्तेही तुमच्या बाजूनं पडावे लागतात. पुढच्या वर्षी तेच कौशल्य घेऊन पहिल्याच दिवशी बाहेर पडाल. म्हणून सिरीयस टूर्नामेंट खेळणारे शंभर-शंभर बाय-इनचा, म्हणजे तेवढ्या वेळच्या एंट्री फीचा, पैसा बाजूला ठेवतात, घरखर्च वेगळा. एक मोठी जीत म्हणजे पगार न्हवं, एकदा आलेला पैसा आहे, आणि करिअर म्हटलं की दर महिन्याला लागतो.

शिवाय जिंकलेला माणूस उठत नाही ही खरी गोम आहे. आमच्याकडं गणपतीत मंडपाच्या मागं रात्री तीन पत्ती बसते, ज्याच्यापुढं नोटा साठल्यात तो नुसता चहाला उठला तरी चौघं एकदम म्हणतात, "बस की, कुठं चाललास जिंकून!" आणि तो बसतो. अर्ध्या नोटा मांडीखाली दाबून बसतो पण बसतो. पहाटेपर्यंत त्याच्यापुढचं परत सगळ्यांच्यात वाटलेलं असतं. कॅसिनोत कुणी असं बोलत नाही, तिथं खायला-प्यायला आणून देतात.

अजून एक, तुम्ही ॲपवर खेळून करिअर करायचा विचार करत असाल तर तो विषय संपलाय. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा झाला, पैसे लावून ऑनलाइन खेळ बंद, त्यात हा कौशल्याचा आणि तो नशिबाचा असा फरकच ठेवला नाही.

जिंकलोच तर सांगणार दोघांनाच, बायकोला आणि सीएला. पेठेत कळलं तर झालंच, गणपतीची वर्गणी पावती न फाडताच माझ्या नावावर लिहितील आणि तालमीच्या फुटबॉल टीमच्या सीझनच्या जर्स्या पण माझ्याच गळ्यात. जर्स्यांना तशी माझी ना नाही.