बांबू अमावास्येला तोडला तर भुंगा लागत नाही, हे खरं आहे का? की केमिकल लागतंच?

खरं नाही. या एका गोष्टीवरून काकांचं आणि माझं कित्येक वर्षं वाजतंय म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही कुडाळकडचे, आमच्याकडे माणगा जातीचा बांबू. 2015 ला नवीन गोठा घातला तेव्हा काकांनी चैत्रातली अवस बघून साठेक काठ्या तोडल्या. 'अवशेक तोडलेलो माणगो भुंगो खाणा नाय', विषय संपला. पावसाळा निम्मा झाला नाही तोच सकाळी गव्हाणीत पिवळसर भुसा दिसायला लागला, मैद्यासारखा बारीक, आणि वर बघितलं तर वाशांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. दिवाळीत आई दोरी सोडायला गेली तर वासाच मोडून हातात आला, आत नुसतं पीठ.

भुंगा चंद्र बघत नाही हो, तो बांबूतला स्टार्च खातो. उन्हाळ्यात, कोंब फुटायच्या आधी, काठीत स्टार्च भरलेला असतो, पावसात नवे कोंब वाढवण्यात तो खर्च होतो. म्हणजे चैत्रात तोडणं हीच चूक, अवस असो की पुनव. माझे आजोबाही अवसच बघायचे, पण तोडलेल्या काठ्या ते तीन आठवडे वहाळात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली दाबून ठेवायचे, त्यात स्टार्च-साखर निघून जाते. खरं काम ते पाणी करायचं. काकांनी वहाळ सोडला आणि अवस तेवढी धरली!

पुढच्या वर्षी मी मार्गशीर्षात तोडल्या, तीन वर्षांच्या वरच्याच. 100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स (टाकणखार), 2 किलो बोरिक अ‍ॅसिड. पेरांमधले पडदे लांब सळईने फोडले, कारण बाहेरच्या सालीतून पाणी आत जात नाही, आणि ताडपत्री घातलेल्या चरात दहा दिवस बुडवून नंतर सावलीत उभ्या वाळवल्या. काठी ओली असतानाच करायचं, वाळल्यावर औषध नीट मुरत नाही. ते वासे आजही तसेच आहेत, एक भोक नाही.

दुकानदार विजेच्या लाकडी खांबांचं औषध देईल, ते घेऊ नका. ते आपल्याच डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी 1933 मध्ये शोधलं, जगभर चाललं, मोठंच काम आहे, पण त्यात आर्सेनिक आहे. घरात, गुरांजवळ नको.

हां, एक राहिलं, बोरॅक्स पावसात धुऊन जातं, त्यामुळे हे छपराखालच्या बांबूलाच, कुंपणाला उपयोग नाही. उरलेलं पाणी विहिरीजवळ ओतू नका. आणि काठी मातीत पुरू नका, दगडावर ठेवा, नाहीतर वाळवी आहेच.

काका, वाचत असाल तर यंदा दिवाळी होऊ दे, मग तोडा. अवस धरा हवी तर, माझं काही म्हणणं नाही. भिजत घालायला मी येतो.