'पॉश' कुठून आला? शोधायच्या आधी हे वाच

शब्दांची मुळं शोधायला लागलायस ते भारीच, पण आद्याक्षरांची गोष्ट दिसली की लगेच विश्वास टाकू नकोस. 'पॉश'च घे ना. सगळे सांगतात की बोटीनं मुंबईला येणारे श्रीमंत इंग्रज येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, म्हणजे सावलीतली केबिन घ्यायचे, म्हणून पी अँड ओ या जहाज कंपनीच्या तिकिटावर 'पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी, परतताना उजवी; इंग्रजी आद्याक्षरं P-O-S-H) असा शिक्का असायचा. तसं एकही तिकीट सापडलेलं नाही रे! आणि ही कथा छापून दिसते ती १९३० च्या दशकात, 'पॉश' मात्र १९१८ लाच लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात झकास या अर्थानं आलाय.

त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या गल्लीबोळात पॉश म्हणजे चिल्लर पैसे, कारण रोमा या भटक्या लोकांच्या रोमानी भाषेत पॉश म्हणजे अर्धा, त्यावरून अर्धी पेनी. १८९० च्या एका स्लँग कोशात छानछोकी माणूस असाही अर्थ आहे, मला तर हाच दुवा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण पैशावरून श्रीमंती आली हा अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच लिही. आणि सर्च करताना ऑफिसातलं पॉश ट्रेनिंग बाजूला काढ, ते २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.