सिरीयलचा शेवट पटला नाही म्हणून नवरा दोन दिवस बोलत नव्हता

"मॅडम, एका सिरीयलसाठी कोणी असं करतं का?" मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी आई मुलीबद्दल विचारते, कधी बायको नवऱ्याबद्दल, आणि कधी तो माणूस स्वतःच विचारतो, जरा आवाज खाली करून, की मला एवढा त्रास का होतोय, माझं काही बिघडलंय का. म्हणून ही केस लिहितेय. दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

जोडपं पुण्यातलं, दोघंही आयटीत, एक लहान मुलगी. तो दोन दिवस घरात कामापुरतंच बोलत होता, जेवण अर्धवट टाकून उठत होता आणि कारण काय तर 'लॉस्ट' बघून संपली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ही अमेरिकेतल्या एबीसी चॅनेलवरची मालिका, सप्टेंबर २००४ ला सुरू झाली आणि २३ मे २०१० ला संपली, एकूण ६ सीझन. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर कोसळतं, काही माणसं वाचतात आणि मग बेटावर एकामागून एक कोडी, जंगलात पांढरं अस्वल, काळ्या धुराचा राक्षस, जमिनीत पुरलेलं लोखंडी झाकण आणि सगळीकडे दिसणारे तेच ते आकडे, ४, ८, १५, १६, २३, ४२.

हा इंजिनीअरिंगला होस्टेलवर असताना चौघं रूममेट मिळून बघायचे, कोणीतरी रात्रभर डाऊनलोडला लावायचं आणि सकाळी एका लॅपटॉपसमोर चौघं. शेवटचा एपिसोड आला तेव्हा त्यांची फायनल इयरची पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, चालू होती. त्या एपिसोडच्या अगदी शेवटी नावं येताना समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या विमानाचे सांगाडे दिसतात, माणूस एकही नाही, म्हणून या चौघांनी अर्थ लावला की सगळे पहिल्या दिवसापासूनच मेलेले होते. ती दृश्यं गोष्टीचा भाग नव्हतीच, बातम्यांच्या आधी प्रेक्षकाला जरा शांत बसता यावं म्हणून चॅनेलने टाकली होती आणि त्यांनी तसं नंतर सांगितलंही, पण तोपर्यंत जगभर खूप लोकांचा हाच समज झाला होता. चौघं चिडले, पेपर दिले, आपापल्या नोकरीला लागले.

आता इतक्या वर्षांनी त्याने बायकोला आग्रह करून सगळी मालिका पहिल्यापासून दाखवली, मुलगी झोपली की रोज एक-दोन एपिसोड, चार महिने. त्याला वाटत होतं तेव्हा परीक्षेच्या टेन्शनमध्ये बघितलं, काहीतरी निसटलं असेल. आणि खरंच निसटलं होतं. शेवटच्या चर्चच्या सीनमध्ये मालिकेचा नायक जॅक, त्याचे वडील त्याला सरळ सांगतात की तुझ्यासोबत जे घडलं ते सगळं खरं होतं, इथली माणसं काही तुझ्या आधी गेली, काही तुझ्यानंतर खूप वर्षांनी. म्हणजे बेट खरं, मरण नंतरचं.

"मॅडम, तेव्हा निदान म्हणता यायचं की मला कळला नाही," तो म्हणाला. "आता कळला. आणि तरी नाही आवडला."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

पहिल्या सेशनला मी जे केलं ते चुकीचं होतं हे इथे सांगायला पाहिजे. मी त्या दुःखाच्या मागे दुसरं काहीतरी शोधत बसले, ऑफिसमध्ये काय चाललंय, वडील कसे आहेत, झोप लागते का. त्याने सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाला, "बाकी खरंच ठीक आहे हो, मला शेवट नाही पटला एवढंच आहे." मग मी थांबले. झोप उडाली, कामात लक्ष लागेना, आठवडे झाले तरी उदासी जाईना, तर खोलात जायलाच हवं आणि तसं असेल तर नक्की कोणाला तरी भेटा. पण दरवेळी तसं नसतं. माणूस एका गोष्टीवर भरवसा टाकतो, वर्षानुवर्षं टाकतो, तो मोडला की लागतं. त्याला आधी तेवढाच मान द्यायचा.

पुढच्या वेळी मी त्याला होस्टेलची वही आणायला सांगितलं, ती आहे असं बोलता बोलता निघालं होतं. दोनशे पानी लाँगबुक, कव्हरवर ते सहा आकडे पेनाने गिरवून गिरवून कागद फाटायला आलेला, आत चार वेगवेगळ्या अक्षरांत प्रश्न, बाण, खोडाखोड, एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. मी तीन रंगांची पेनं दिली. उत्तर मिळालं ते हिरवं, मिळालं पण पटलं नाही ते निळं, मिळालंच नाही ते लाल.

पाऊण तास लागला. अस्वलं हिरवी झाली, ती धर्मा इनिशिएटिव्ह या बेटावरच्या संशोधन संस्थेच्या लोकांनी प्रयोगांसाठी आणली होती. जंगलातली कुजबुज हिरवी. आकडे निळे, ते बेटाचा रखवालदार जेकब, त्याने निवडलेल्या माणसांचे नंबर निघाले पण मुळात तेच आकडे का, हे राहिलंच. बेटावरच्या बायकांची बाळंतपणं का होत नव्हती, लाल. वॉल्ट नावाच्या मुलात काय शक्ती होती, लाल, आणि इथे पेन जोरात दाबलं गेलं. खरं तर त्या मुलाची अडचण साधी होती, गोष्टीत दिवस जात होते जेमतेम दीड महिना आणि काम करणारा मुलगा सेटवर भराभर उंच होत होता. लिहिणाऱ्यांनाही मालिका किती वर्षं चालवायचीय हे बराच काळ माहीत नव्हतं, २०१० ला संपवायची हे मे २००७ मध्ये जाहीर झालं. तोपर्यंत प्रश्न वाढवत राहणं भाग होतं.

हे त्याला माहीत होतं सगळं. पण लाल पानं मोजली तर त्याला वाटत होती त्यापेक्षा बरीच कमी निघाली. तो बराच वेळ वही उलटसुलट चाळत बसला.

डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक किस्सा सांगितलाय, एका माणसाने तल्लीन होऊन संगीताची रेकॉर्ड ऐकली, अगदी शेवटी कर्कश आवाज आला आणि तो म्हणाला सगळा अनुभव नासला. काहनेमन म्हणतात अनुभव नासला नाही, तो तर घेऊन झाला होता, नासली ती आठवण. आपलं मन शेवटाला फार जास्त वजन देतं. मी त्याला हे सांगितलं ते शेवट चांगला होता हे पटवायला नाही. शेवटाबद्दलची त्याची तक्रार त्याची आहे, राहू दे. पण "सहा सीझन फुकट गेले" असं तो म्हणत होता, ते मला मान्य नव्हतं.

आणि खरी अडचण तर त्या दोघांची होती. तिला शेवट आवडला होता. जॅक बांबूच्या रानात आडवा पडतो, तो कुत्रा येऊन शेजारी बसतो, डोळा मिटतो, तिथे ती रडली होती आणि तेवढ्यात हा म्हणाला, "बघितलंस, फसवलं." तिला वाटलं आपल्या रडण्यालाच तो मूर्खपणा म्हणतोय. त्याला वाटत होतं चार महिने ही शेजारी बसली पण माझं काय गेलं ते हिला कळलंच नाही. मी दोघांना विचारलं, तुम्ही नेमकं कशासाठी बघत होतात? ती म्हणाली, "माणसांसाठी. ती एकमेकांना भेटली ना, मग झालं." तो म्हणाला, "कोड्यांसाठी." थोडं थांबून म्हणाला, "कोडी सोडवायला आम्ही चौघं बसायचो त्यासाठी." ती त्याच्याकडे बघायला लागली, कारण हे तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

तिसऱ्या सेशनला ती एकटीच आली, दहा मिनिटांसाठी. रविवारी त्याने तिघांना व्हिडिओ कॉल लावला, वहीची लाल पानं कॅमेऱ्यासमोर धरून एकेक प्रश्न वाचला, त्यातला एक जण आता कॅनडात असतो, तो म्हणे वॉल्टवरून अजूनही तावातावाने भांडला. दीड वाजेपर्यंत चाललं होतं. तिने आतून दोनदा "अरे हळू बोला, मुलगी उठेल" म्हणून सांगितलं आणि मग दार लोटून झोपून गेली.