यानाच्या मापाची माणसं

परभणी

लेकरा,

फोटो मिळाले. त्या सीलपॅक फिगरचा, म्हणजे पाकीट न फोडलेल्या खेळण्यातल्या अंतराळवीराचा, फोटो तू तीनदा पाठवलास, त्यावरून मन कुठं अडकलंय ते कळलं. पुठ्ठ्यावर चिकटलेल्या वीतभरही नसलेल्या माणसासाठी दोन महिन्यांचा पगार घालावा का, असं विचारलंस. माझं उत्तर सरळ आहे: घालू नकोस. पैसे तुझे आहेत आणि हौसेला मोल नसतं, त्यामुळं मी पैशाकडं बघून हे सांगत नाही. तू माणूस घेतोयस आणि त्याचं यान तुझ्या यादीतच नाही, हे मला खटकतं.

ही फिगर 3.75 इंचांचीच का असते, याचा विचार केलास का कधी? 1964 साली हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीनं जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक काढला तेव्हा तो चांगला फूटभर उंच होता. पुढं केनर कंपनीनं 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या सिनेमाची खेळणी करायला घेतली, तेव्हा गाडी अडली ती यानांपाशी. फूटभर माणूस आत बसेल एवढं मिलेनियम फाल्कन, म्हणजे सिनेमातलं मोठं यान, करायचं तर ते कपाटाएवढं झालं असतं. ते घ्यायचं कुणी आणि ठेवायचं कुठं? म्हणून माणसं लहान केली. म्हणजे बघ, या माणसांचं माप यानानं ठरवलंय.

आणि पुठ्ठ्याचं म्हणशील, तर त्याचीही एक गोष्ट आहे. सिनेमा आला मे 1977 मध्ये आणि नाताळापर्यंत खेळणी तयारच झाली नाहीत. केनरनं तेव्हा नुसतं पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत एक कुपन. ते भरून पाठवायचं, मग 1978 मध्ये टपालानं चार फिगर घरी येणार: सिनेमातले ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर टू-डी टू हा यंत्रमानव. त्या पोरांनी वाट पाहिली ती या चौघांची. पाकीट हातात होतंच की.

म्हणून आधी एक यान घे. लूज, म्हणजे खोक्याबाहेरचं, चालेल, ओरखडे चालतील, एखादा पार्ट नसला तरी चालेल. मग त्यात बसणारी माणसं एकेक करून जमव.

माझ्याकडं एक एक्स-विंग आहे, त्याच सिनेमातलं चार पंखांचं यान. माझ्या आत्याचे यजमान जेद्दाहला होते, त्यांनी 1983 साली आणलं. मागं बसलेल्या आर टू-डी टूचं डोकं दाबलं की चारही पंख खटकन उघडतात. आजही उघडतात. पण त्याचा आवाज मी घालवला. दहावीच्या वर्षी ते कोनाड्यात ठेवलं, सेल आतच राहिले, आणि वर्षानं झाकण उघडलं तर पट्ट्या हिरव्या पडून खाल्लेल्या. दुसरी चूक खिडकीची. उन्हाकडचा पंख पिवळट झाला, भिंतीकडचा तेवढा पांढरा राहिला. त्या पिवळ्या पंखावरचा स्टिकर परवा सुटला, तर खाली स्टिकरच्याच आकाराचा पांढराशुभ्र तुकडा! कितीतरी वेळ मी तो बघत बसलो होतो. पेरॉक्साइड लावून असा पिवळेपणा काढतात, पण तो बऱ्याचदा परत येतो आणि जुनं प्लास्टिक ठिसूळ होण्याची भीती असते. मी तसंच ठेवलंय.

तुझी खोली पत्र्याची आहे, म्हणून हे नीट ऐक. आपल्याकडं वैशाखात पारा 43-44 वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. माळ्यावर काही ठेवायचं नाही. खालच्या कपाटात, भिंतीपासून जरा लांब. मऊ पीव्हीसीची फिगर यानाच्या पंखावर टेकवून वर्षभर ठेवू नकोस. त्यातलं तेलासारखं द्रव्य पाझरतं, फिगर चिकट होते आणि खालच्या कडक प्लास्टिकवर कायमचा डाग उमटतो. धुवायला बोअरचं पाणी नको, सुकलं की क्षाराचे पांढरे डाग राहतात. फिल्टरचं पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश आणि सावली. स्टिकर कोरडेच ठेव.

आता आपल्याकडचं. 1987 मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रोनं मिळून फनस्कूल काढली आणि भारतात जी. आय. जो बनू लागले, त्याच 3.75 इंचांत. ते सैनिक आहेत, अंतराळवीर नव्हेत, पण मापानं सख्खी भावंडं. आपले रंग अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे, म्हणून परदेशातले संग्राहक ते शोधत असतात. ते इथंच कुणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडलेले असतात. आधी मावशीकडं, मामाकडं विचार. संभाजीनगरला गेलास तर रविवारी जाफर गेटच्या बाजारात चक्कर मार. आणि कुणाच्या घरातून घेशील तर वस्तूची खरी किंमत त्यांना आधी सांग. हे मी फार मानतो.

असा सैनिक कमरेत तुटलेला मिळाला तर सोडू नकोस. पाठीचा एक स्क्रू काढला की छाती दोन भागांत उघडते. आत एक काळं रबरी रिंग असतं, पायांचा आकडा त्यानंच धडाला धरून ठेवलेला असतो. उन्हाळ्यांनी ते वाळून तुटतं, एवढंच. नवं रिंग घाल, स्क्रू अलगद आवळ. गच्च पिळलास तर प्लास्टिकला चीर जाते.

परदेशातून मागवताना सांभाळ. खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. आणि डुप्लिकेट भरपूर. 'स्टार वॉर्स'मधल्या जावा नावाच्या बुटक्याचंच बघ. सुरुवातीच्या जावाला प्लास्टिकचा झगा होता, मग कापडी आला. फिगर तीच, भावात जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो सगळा झग्याचा. लोक ओबी-वान या दुसऱ्या फिगरचा प्लास्टिकचा झगा कापून त्याला घालतात आणि विकतात. हातात घेऊन बघता येत नाही तोवर असल्या वस्तूच्या वाटेला जाऊ नकोस.

तुझ्या दुसऱ्या फोटोत, मागं कोपऱ्यात, एक पंख नसलेलं यान दिसतंय. त्याबद्दल तू अवाक्षरही लिहिलं नाहीस. ते कुणाचं आहे? विकायचं असेल तर घे आणि पुढच्या रविवारी इकडं घेऊन ये. सेलची झाकणी मात्र तू उघडू नकोस, आपण मिळून उघडू. आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या असतील तर पुसायला लिंबू आणि कापूस मी काढून ठेवतो.

तुझा
काका