बी.एस्सी. नर्सिंगची भारतातली पदवी जर्मनीत चालते का? इन्स्टाग्रामवरचा एजंट सहा महिन्यांत भाषेच्या प्रमाणपत्रासह नोकरीची हमी देऊन तीन लाख मागतो आहे, द्यावेत का?

पैसे देऊ नका. पदवीचे म्हणाल तर ती वाया जात नाही, पण आहे तशी चालतही नाही. मी मूळची सांगलीची, तुमच्यासारखीच बी.एस्सी. नर्सिंग झालेली, आणि सध्या स्टुटगार्टमधल्या एका रुग्णालयात नोकरी करते.

आधी एजंटाविषयी. परदेशी नोकरभरती करणाऱ्याला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. त्याचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का, ते पाच मिनिटांत पाहता येते. 'भाषेच्या प्रमाणपत्रासह' हे शब्द तर मला सर्वांत जास्त खटकले. नर्सला साधारणपणे बी-टू पातळीचे, म्हणजे कामावर स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येईल इतके जर्मन लागते, आणि पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे गटे इन्स्टिट्यूटच्या केंद्रात, होणाऱ्या त्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण या चारही भागांत प्रत्येकी १०० पैकी ६० गुण मिळवावे लागतात. ते गुण कोणी 'मिळवून देतो' म्हणत असेल, तर तो बनावट कागद विकतो आहे, आणि पकडले गेल्यावर व्हिसा तुमचा जातो, त्याचा नाही.

आता पदवी. जर्मनीत नर्सचा व्यवसाय कायद्याने नियंत्रित आहे, आणि मान्यता त्या-त्या राज्याचे कार्यालय देते. तिथे तुमची टक्केवारी कोणी विचारत नाही, तास मोजतात. २०२० पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात २,१०० तास सिद्धान्ताचे आणि २,५०० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. तुमच्या प्रशिक्षणातले तास विषयवार या तासांशी ताडून पाहिले जातात आणि तफावत निघाली की लेखी कळवली जाते. ती भरून काढायला ज्ञानचाचणी किंवा पूरक प्रशिक्षण असे दोन मार्ग असतात, आणि तोवर मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. म्हणून महाविद्यालयाकडून तासांच्या तपशिलासह ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांचा अधिकृत उतारा, आजच मागा. माझ्या महाविद्यालयाने त्यासाठी चार महिने खेपा घालायला लावल्या, आणि हाती आलेल्या कागदावर मनोरुग्ण विभागातल्या ड्यूटीचे तासच नव्हते. नावाकडेही लक्ष द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर शेवटी आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव मध्ये, असे असले की तिथला कर्मचारी या तिघी एकच आहेत का, असे सरळ विचारतो.

ज्याची तयारी कोणताही क्लास करून घेत नाही, ती गोष्ट वॉर्डातली आहे. आपल्याकडे पेशंटचे अंग पुसणे, भरवणे, बेडपॅन देणे ही कामे नातेवाईक किंवा मावशी करतात आणि अवघड शीर शोधायला सिस्टरला बोलावतात. इथे शिरेत सुई घालणे बहुधा डॉक्टरांकडे असते आणि अंघोळ घालणे माझ्याकडे. पहिले काही आठवडे मला हा अपमान वाटला, हे कबूल करते. मग एका वरिष्ठ नर्सने अर्धांगवायू झालेल्या आजोबांचे तोंड धुताना ओला रुमाल आधी त्यांच्याच हातात दिला आणि त्यांचा हात धरून तो चेहऱ्यावर फिरवला. या कामाला प्रशिक्षित नर्स का लागते, ते मला तेव्हा कळले.

दुसरी अडचण आपल्या मान हलवण्याची. काही समजले नाही तरी मोठ्यांसमोर 'हो' म्हणायची आपली सवय. माझ्या कामाविषयीच्या पहिल्या अहवालात 'समजले असे सांगते, पण समजलेले नसते' असे वाक्य आले होते. इथे पुन्हा विचारलेले कोणाला कमीपणाचे वाटत नाही, न विचारता औषध दिलेले मात्र अजिबात खपत नाही.

एजंटाशिवाय जायचे कसे, हाही तुमचा प्रश्न असेलच. सरळ रुग्णालयांकडे अर्ज करता येतो, आणि परिचारिका-भरतीसाठी जर्मन सरकारमान्य गुणवत्ता-चिन्ह मिळालेल्या संस्थांमध्ये भरतीचा खर्च उमेदवाराने नव्हे, तर नोकरी देणाऱ्याने करायचा असतो. तुमच्या एजंटाला हे चिन्ह आहे का, एवढे मेसेज करून विचारा.