सही करण्याआधी कागद घरी आणा

इंदूरात सध्या डॉक्टर आणि इंजिनिअर एकमेकांकडे जाऊ लागले आहेत. एकीकडे एमवाय रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज, दुसरीकडे सिमरोलचं आयआयटी आणि पार्क रोडवरचं एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज. या एकत्र कामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, जुना मधुमेह. डॉक्टर म्हणाले, विद्यापीठासोबत नव्या औषधाची चाचणी चालू आहे, औषधं आणि तपासण्या फुकट मिळतील. हातात एक जाडजूड इंग्रजी कागद दिला आणि "इथे सही करा" म्हणाले. करावी का? – लोकमान्यनगर

आज करू नका. कागद घरी आणा, रात्री सगळ्यांनी मिळून वाचा, मग ठरवा. "आत्ताच करा" असा कुणी आग्रह धरला, तर तेच न करण्याला पुरेसं कारण समजा.

पहिली गोष्ट, माहितीपत्रक आणि संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळणं हा नियम आहे. वडिलांना हिंदी वाचता येत असेल तर हिंदी प्रत मागा, मराठीच सोयीची असेल तर तसं स्पष्ट सांगा. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो.

दुसरी गोष्ट सीटीआरआय क्रमांक. ही चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची आहे, तीही पहिला रुग्ण घेण्याआधी. क्रमांक इंटरनेटवर टाकला की कोण पैसे घालतंय, कुठे कुठे चाचणी चालू आहे, कुणाला घेणार, सगळं दिसतं. क्रमांक नाही म्हणाले, तर तिथेच थांबा.

आता खरा प्रश्न. चाचणीत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात. एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला नेहमीचं, कधी औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. वडील कोणत्या गटात आहेत हे बहुतेक वेळा डॉक्टरांनाही माहीत नसतं. म्हणून विचारा : सध्याची औषधं चालू राहणार की बंद होणार? साखर वाढली तर काय करणार? रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? चाचणी पुढच्या रुग्णांसाठी माहिती गोळा करते. वडिलांना त्यातून फायदा होईलच अशी हमी कुणी देत असेल, तर तो चुकीचं सांगतो आहे.

मधेच सोडायचा हक्क कायम असतो आणि सोडलं म्हणून नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. त्रास झाला तर उपचार मोफत, आणि इजा चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई. गंभीर घटना संशोधकाने २४ तासांत कळवायची असते. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णाची सुरक्षा आणि हक्क जपले जातात का हे बघणाऱ्या समितीचा फोन असतो. तो आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी इंदूरच्या औषधचाचण्यांवरून किती गदारोळ झाला होता! आता पुन्हा करार-मदार. विश्वास कशावर ठेवायचा? – रामबाग, निवृत्त शिक्षक

सर, तुमची शंका रास्त आहे आणि ती विसरली जाऊ नये. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेने २०१२ मध्ये नियम डावलून होणाऱ्या औषधचाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि तिथून देशाचे नियम बदलले. २०१३ मध्ये भरपाईची तरतूद आली, एथिक्स कमिट्यांची नोंदणी सक्तीची झाली, संमतीचं दृक्-श्राव्य चित्रण आलं. २०१९ च्या नव्या नियमांत हे सगळं एकत्र बांधलं गेलं. चित्रण आता प्रामुख्याने दुर्बल स्थितीतल्या रुग्णांवरच्या नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधद्रव्याच्या चाचणीसाठी सक्तीचं आहे. कमिटीत किमान सात जण लागतात, त्यांत एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री. निम्मे तरी बाहेरचे हवेत, अध्यक्षही बाहेरचा.

पण एक फट सांगते. आधीच मंजूर असलेल्या औषधाचा नवा उपयोग कॉलेज स्वतः अभ्यासत असेल आणि निष्कर्ष बाजारपरवानगीसाठी वापरायचे नसतील, तर औषध नियंत्रकाची परवानगी लागत नाही. सगळा भार एथिक्स कमिटीवर. विद्यापीठ आणि रुग्णालयाचं बरंचसं संशोधन याच खान्यात बसतं. त्या "सामान्य नागरिक" सदस्याने तोंड उघडलं तरच कमिटीला अर्थ. आपल्या शहरातल्या निवृत्त शिक्षकांनी या जागा घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. सर, तुम्ही विचार करा.

प्रश्न : मधुमेहींच्या पायावरचा दाब मोजणारं इनसोल (बुटाच्या आत घालायचा तळ) आम्ही तिघांनी बनवलं आहे. रुग्णालयात नेऊन तपासायचं कसं? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

आधी इनसोल घरी ठेव आणि ओपीडीत जाऊन बस, डॉक्टरांची परवानगी घेऊन. तिथे नायलॉनचा एक बारीक तंतू दिसेल. रुग्णाने डोळे मिटायचे, तंतू तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा, जाणवलं तर रुग्ण "हो" म्हणतो. वाकताना तो १० ग्रॅमचा दाब देतो. तेवढाही कळला नाही, तर खडा टोचलेलाही कळणार नाही. ही तपासणी फार स्वस्त आहे. तुझं यंत्र हिच्यापेक्षा जास्त काय सांगतं, याचं उत्तर डॉक्टर पहिल्याच भेटीत मागतील.

आणि पायांकडे बघ. रुग्ण चपला घालून येतात, घरात अनवाणी फिरतात. बुटात बसणारं इनसोल दिवसातला किती वेळ पायाखाली राहील?

चित्रा या कृत्रिम हृदयझडपेची गोष्ट वाच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत रुग्णालय आणि तंत्रज्ञान विभाग दोन्ही आहेत. शल्यचिकित्सक वालियाथन यांनी अभियंत्यांना सोबत घेतलं, आधीचे नमुने बाद झाले आणि एका दशकाहून अधिक कष्टानंतर डिसेंबर १९९० मध्ये पहिली झडप रुग्णाला बसली. घाई कुणी केली नाही.

कागदांचं म्हणशील, तर माणसावर काहीही तपासण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग आहेत, तुझं उपकरण कुठे बसतं ते आधी बघ, परवानग्या त्यावर ठरतात. पेटंट हवं असेल तर प्रदर्शनात दाखवण्याआधी तात्पुरता अर्ज भर, पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. उपचाराच्या पद्धतीला भारतात पेटंट नाही, उपकरणाला मिळू शकतं. आणि डॉक्टरांचं नाव त्यात असणार का, हे कॉलेज-रुग्णालय करारात सुरुवातीलाच लिहून घे. मैत्री बिघडते ती इथेच.

प्रश्न : माझे एक्स-रे एआयसाठी विद्यापीठाला दिले जातील म्हणे, नाव काढून. नकार देता येतो का? – सुदामानगर

संमती मागत असतील तर बेलाशक नकार द्या, उपचार थांबणार नाहीत. जुन्या, ओळख पुसलेल्या नोंदींसाठी कमिटी संमतीची अट शिथिल करू शकते. पण नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. गाव, वय आणि एखादा दुर्मीळ आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. म्हणून विचारा : कोणत्या रकान्यांची माहिती बाहेर जाणार, किती वर्षं ठेवणार, कंपनीला विकणार का? उत्तर लेखी मागा.