नव्या कर्णधार मुलीस, हंगामापूर्वी

ठाणे,
जूनचा दुसरा आठवडा

चिरंजीव कर्णधारास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. महाविद्यालयाच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कर्णधार म्हणून तुझी निवड झाली, हे वाचून आनंद झाला. ‘ताई, यंदा अंतिम फेरी गाठायची तर डावपेच कोणते ठेवावेत,’ असे तू विचारले आहेस. तो प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवते, कारण डावपेच तुमचे सर ठरवतील आणि त्यांना ते माझ्यापेक्षा चांगले कळतात. तुझ्या वाट्याचे काम वेगळे आहे, आणि ते मी कर्णधार असताना मला कोणी सांगितले नव्हते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बाद पद्धत असली की हिशेब फार निष्ठुर असतो. ड्रॉमध्ये 16 संघ असतील तर पहिल्या फेरीनंतर 8 संघ घरी जातात, म्हणजे निम्म्या संघांचा अख्खा हंगाम एका सामन्यात आटोपतो आणि विजेत्या संघालाही चारच सामने मिळतात. हंगाम म्हणजे हे सामने, असे धरून चाललीस तर पहिल्या सामन्याच्या आधीच तुझ्याकडे संघ उरलेला नसेल. आज तुझ्या यादीत 18 नावे आहेत. कोसळत्या पावसात, चिखलात, सकाळी साडेसहाला त्यांतल्या किती जणी उभ्या राहतात ते पाहा. खेळाच्या नियमानुसार एका बाजूला सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होऊ शकत नाही. मुलींच्या संघांनी केवळ संख्या भरली नाही म्हणून वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच समोरच्या संघाला विजय, दिलेले मी पाहिले आहेत, आणि त्या संघांत खेळ येत नव्हता असे मुळीच नाही.

मुली का गळतात, याचा विचार तू आतापासून कर. तुमचे मैदान ऐरोलीला आणि मुली कळव्यापासून नेरुळपर्यंत विखुरलेल्या. रुळांवर पाणी आले की ट्रान्स हार्बरची गाडी रखडते, उशीर झालेली मुलगी सरांच्या बोलण्याच्या भीतीने परत फिरते, आणि असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा ती घरूनच निघत नाही. हजेरीचे प्रश्न असतात, कोणाची केटी, म्हणजे नापास झालेल्या विषयाची परीक्षा, राहिलेली असते. काही घरांत ‘पायाला लागले तर पुढे काय’ हा प्रश्न असतो. तो तसा बोलून दाखवला जात नाही, ‘अभ्यास आहे’ असे सांगितले जाते. अशा घरी तू स्वतः जा. फोन करू नकोस, जा. चहा घे, नडगीवर बांधायचे शिनगार्ड कशासाठी असते ते आईला हातात देऊन दाखव, सराव किती वाजता संपतो आणि मुलगी कोणाबरोबर परत येते ते सांग. आमच्या वेळी एका वडिलांचा होकार केवळ परतीच्या गाडीच्या वेळेवर अडला होता.

यानंतरचे काम सर्वांत अवघड. अकरा जणी खेळतील आणि बाकीच्या बाहेर बसतील. यादी सर लावतील, पण जिचे नाव गळले आहे तिच्याशी सामन्याआधी बोलायचे ते तू. आपले नाव नाही हे तिला सरांनी यादी वाचताना कळता कामा नये. खोटी समजूतही घालू नकोस. डाव्या पायाचा पास कच्चा आहे, तर तेच सांग आणि पुढच्या मंगळवारपासून तिच्याबरोबर दहा मिनिटे जास्त थांब. राखीव गोलकीपरकडे विशेष लक्ष असू दे, कारण तिला बहुधा वर्षभरात एकही सामना मिळत नाही आणि तरी सरावाला ती लागतेच.

आता माझी चूक सांगते. मी कर्णधार होते त्या वर्षी आमचा सामना बरोबरीत चालला होता. शेवटच्या मिनिटांत आमची सर्वांत भरवशाची पेनल्टी मारणारी मुलगी दमलेली दिसली आणि मीच सरांना सांगून तिला बाहेर काढायला लावले. सामना संपताना जे मैदानावर असतात त्यांनाच टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर निकालासाठी मारायच्या पेनल्ट्यांमध्ये, किक मारता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पाचवी किक मारायला कोणी पुढे येईना, तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या एका मुलीला ढकलले. तिची किक गोलच्या आडव्या बारवरून गेली आणि आम्ही हरलो. नियम माहीत नसणे ही लहान चूक झाली. मोठी चूक ही की त्या संध्याकाळी मी तिला फोन केला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ती पुन्हा मैदानावर आली नाही.

30 ऑक्टोबर 2022 रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा मी प्रेक्षकांत होते. स्पेनने कोलंबियाला 1–0 असे हरवले, आणि तो एकमेव गोल 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका मुलीकडून झालेला स्वयंगोल होता. सगळे स्टेडियम उभे राहिले होते आणि मला मात्र ती बारवरून गेलेली किक आठवत होती. त्या मुलीशी त्या रात्री कोण काय बोलले असेल, हाच विचार नेरुळ स्टेशनपर्यंत डोक्यात राहिला.

तेव्हा स्पर्धेचे नियमपत्रक आधी मिळव. सामना किती मिनिटांचा, बदली खेळाडू किती, बरोबरी झाल्यास जादा वेळ आहे की थेट टायब्रेकर, हे नीट वाच. दर शनिवारी सराव संपताना, पाय थकलेले असतानाच, सगळ्यांना पेनल्टी मारायला लाव. राखीव मुलींनाही, कारण त्यांतली कोण शेवटी मैदानावर असेल ते आज सांगता येत नाही. पाचऐवजी अकरा जणींचा क्रम लिहून ठेव, आणि तो त्यांना विचारून ठेव. गोलकीपरला पावसात सराव करू दे. ओला चेंडू जमिनीवरून घसरत येतो आणि तो पकडण्याच्या नादात हातून सुटतो, त्यापेक्षा बाजूला ढकलणे बरे, हे तिला चिखलातच कळेल.

येत्या रविवारी सकाळी मी ऐरोलीला येते. गोलपोस्टची जाळी गेल्या वर्षी फाटली होती, ती शिवायला जाड दोरा आणि दाभण घेऊन येईन. तू अठरा जणींच्या घरचे पत्ते आणि गाड्यांच्या वेळा लिहून आण.

तुझी,
ताई